मुंबईचा आवाज आणि सिरसाळ्याचा कान

इ. स. १९२७ च्या जुलै महिन्याची २३ तारीख ही हिंदुस्थानांतील संघटित नभोवाणीची जन्मतिथि मानली जाते. त्या दिवशीं मुंबईस ‘इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी’च्या केंद्राचें उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें झालें. या घटनेची शताब्दी २०२७ सालीं पडते. त्या निमित्तानें ही जन्मकथा पुन्हां पुन्हां सांगितली जाईल, आणि ती सांगितली जाणें योग्यच आहे. परंतु या कथेंत आरंभींच एक विसंगति आहे, आणि तिच्याकडे वाचकांचें लक्ष वेधावें, असा आज आमचा विचार आहे. उद्घाटनाच्या भाषणांत व्हाइसरॉयसाहेबांनीं या देशांतील लांबच लांब अंतरांचा मुद्दाम उल्लेख केला होता, आणि दिवसाचें काम आटोपल्यावर ज्यांचा वेळ जातां जात नाहीं अशा दूरदूरच्या खेड्यांतील लोकांस या नव्या साधनाचा लाभ होईल, अशा आशयाची उमेद प्रकट केली होती. विचार उत्तम होता. मात्र ज्या यंत्रांतून तो बाहेर पडला त्याची शक्ति अवघी दीड किलोवॅट होती, व त्याचा आवाज खात्रीनें पोंचे तो सुमारें तीस मैलांपर्यंत, म्हणजे कल्याण-पनवेलच्या आसपास. ज्या खेडुतांविषयीं हें बोलणें चाललें होतें, त्यांपैकीं बहुतेकांस तें ऐकूं जाण्याचा संभवच नव्हता.

नभोवाणीचा इतिहास आजवर बहुधा बोलणाऱ्याच्या बाजूनें लिहिला गेला आहे. केंद्र कोठें निघालें, यंत्र किती शक्तीचें होतें, अधिकारी कोण होते, कोणते गवई गाऊन गेले, इतकें सांगितलें कीं इतिहास पुरा झाला असें आपण समजतों. पण बोलणें हें ऐकणाऱ्यावांचून पुरें होत नाहीं. म्हणून आम्ही आज मुंबईचीच कथा सांगणार आहों. मात्र ती ऐकण्यासाठीं वाचकांस मुंबईस न नेतां बीड जिल्ह्यांतील सिरसाळा या गांवीं नेणार आहों. सिरसाळा हें परळी तालुक्यांतलें, परळी वैजनाथाहून बीडकडे जाणाऱ्या वाटेवरचें गांव. तें मुंबईपासून सरळ रेषेंत साडेतीनशें किलोमीटरांहून अधिक दूर आहे; हैदराबादेपासून तीनशेंच्या आंत आहे; आणि औरंगाबादेपासून, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरापासून, दीडशेंच्या आसपास आहे. हे तीन आंकडे वाचकांनीं ध्यानांत ठेवावे. पुढची बरीचशी कथा त्यांच्यावरच उभी आहे.

मुंबईंत बिनतारी आवाजाचे प्रयोग कंपनीच्या आधींपासून चालू होते. ऑगस्ट १९२१ मध्यें ‘टाइम्स ऑफ इंडिया’ पत्रानें टपाल व तार खात्याच्या साहाय्यानें मुंबईहून संगीताचा एक खास कार्यक्रम प्रक्षेपित केला, आणि गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनीं तो पुण्यास बसून ऐकला. पुढें जून १९२३ मध्यें मुंबईच्या रेडिओ क्लबनें आपला पहिला कार्यक्रम केला. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत कलकत्त्याच्या क्लबनें व १९२४ सालीं मद्रासच्या क्लबनें तीच वाट धरली. हीं सारीं हौशी मंडळींचीं कामें. यंत्र स्वतः जुळवावें, वर्गणी स्वतः भरावी, आणि आपला आवाज किती लांब गेला याची चौकशी करीत बसावें, असा तो काळ होता.

त्या वेळचीं स्वस्तांतलीं ग्रहणयंत्रें ‘क्रिस्टल सेट’ या नांवानें ओळखलीं जात. विशिष्ट खनिजाचा एक खडा, त्यावर टेकविलेली केंसासारखी तार, तारेचें एक वेटोळें आणि कानास लावावयाचे हेडफोन, एवढाच त्याचा संसार. त्याला ना वीज लागे, ना बॅटरी. लहरींत जी अत्यल्प शक्ति असते तिच्यावरच तें बोले. त्यामुळें आवाज अगदीं बारीक येई, व तोहि एका वेळीं एकाच माणसास ऐकूं येई. हौशी लोक मग हेडफोन एखाद्या भांड्यांत ठेवून देत, म्हणजे धातूच्या कडा घुमून आणखी दोनचार जणांस कांहीं ना कांहीं ऐकूं जाई. पुढें दिव्यांचीं म्हणजे व्हॉल्व्हचीं यंत्रें आलीं आणि त्यांना कर्णा जोडतां येऊं लागला. हा बदल वरवर पाहतां यंत्राचा दिसतो. पण त्याचा खरा परिणाम घरावर झाला. जें एकाच्या कानाचें होतें तें सर्व घराचें झालें. या मुद्द्याकडे आम्ही पुढें परत येऊं.

आतां कंपनीकडे वळूं. तिचें अधिकृत भांडवल पंधरा लाख रुपयांचें होतें. प्रत्यक्षांत जमलें तें सहा लाखांच्या घरांत, व त्याचा मोठा भाग मुंबई आणि कलकत्ता येथील दोन केंद्रें उभारण्यांतच खर्च झाला. कलकत्त्याचें केंद्र २६ ऑगस्ट १९२७ रोजीं सुरू झालें. कंपनीच्या प्रमुख भागीदारांत एक होते हैदराबादचे धनिक राजा धनराजगीर नरसिंगगीर. हें नांव सिरसाळ्याच्या वाचकांनीं विशेष लक्षांत घ्यावें. मुंबईच्या पहिल्या नभोवाणींत हैदराबादचा पैसा होता. पण हैदराबाद राज्यांतल्या खेड्यास तिचा आवाज ऐकूं जाईल इतकें बळ त्या पैशानें यंत्रास आलें नव्हतें.

कंपनीचें उत्पन्न मुख्यतः परवान्यांवर अवलंबून होतें. घरीं ग्रहणयंत्र ठेवणारास वर्षाला दहा रुपये भरून परवाना घ्यावा लागे. त्यांतले आठ रुपये कंपनीस मिळत. शिवाय परदेशाहून येणाऱ्या यंत्रांवर तिला कांहीं आकारणी मिळे. आतां परवान्यांची संख्या पाहा. १९२७ च्या अखेरीस ती साडेतीन हजारांच्या घरांत होती आणि दोन वर्षांनंतर साडेसात हजारांच्या थोडी पुढें गेली. आठ रुपयांनीं गुणून पाहिलें तर वर्षाकाठीं साठ हजारांच्या आसपास रक्कम होते. आणि दोन शहरांतल्या केंद्रांचा खर्च तर त्याच्या कितीतरी पट होता. परवाना न काढतां चोरून ऐकणारेहि थोडे नव्हते. तीस मैलांच्या वर्तुळांत राहणारा, यंत्र विकत घेण्याची ऐपत असणारा आणि शिवाय प्रामाणिकपणें दहा रुपये भरणारा, अशा तिहेरी गाळणींतून उतरलेल्या श्रोत्यांवर कंपनी जगावयाची होती. ती जगली नाहीं. १ मार्च १९३० रोजीं तिचें दिवाळें निघालें.

येथें वाचकांनीं एक गोष्ट ताडून पाहावी. कंपनी बुडाली याचें कारण लोकांस ऐकण्याची हौस नव्हती, असें अनेकदां सांगितलें जातें. आमचें मत वेगळें आहे. ज्यांस हौस असती त्यांच्यापर्यंत आवाजच पोंचत नव्हता. आणि आवाज पोंचविण्यास लागणारा पैसा ज्यांच्याकडून यावयाचा, ते श्रोते मिळविण्याआधींच तो संपला. दुकान बोळांत मांडावें आणि गिऱ्हाईक पेठेंतून फिरकत नाहीं म्हणून पेठेस बोल लावावा, त्यांतलाच हा प्रकार.

कंपनी मोडली तेव्हां श्रोत्यांनीं व यंत्रांच्या व्यापाऱ्यांनीं सरकारकडे गाऱ्हाणें नेलें, आणि १ एप्रिल १९३० पासून सरकारनें प्रयोगादाखल तें काम आपल्या हातीं घेतलें. पण तो काळ जागतिक मंदीचा. ऑक्टोबर १९३१ मध्यें ही सेवा बंद करण्याचें सरकारनें जाहीर केलें; लगेच ओरड झाली; नोव्हेंबरांत तो हुकूम मागें घेण्यांत आला, आणि मे १९३२ मध्यें सेवा कायम चालू ठेवण्याचें ठरलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत लंडनच्या बी. बी. सी. नें साम्राज्यासाठीं लघुलहरींवरून कार्यक्रम सुरू केले. मुंबई ज्यांस ऐकूं येत नव्हती त्यांस लंडन ऐकूं येऊं लागलें! यंत्रांचा खप वाढला, आणि १९३४ च्या अखेरीस परवाने सोळा हजारांच्या पुढें गेले. अंतर हा नभोवाणीचा शत्रु नसून लहर कोणती निवडावी हाच खरा प्रश्न आहे, हें त्यावरून सर्वांस कळून आलें.

१९३५ सालीं लायनेल फील्डन हे बी. बी. सी. तले अधिकारी नभोवाणीचे नियंत्रक म्हणून आले, व ८ जून १९३६ पासून त्या सेवेस ‘ऑल इंडिया रेडिओ’ हें नांव मिळालें. आपल्याकडे रूढ झालेला ‘आकाशवाणी’ हा शब्द मात्र म्हैसूरचा. तेथील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनीं १९३५ सालीं स्वतःच्या घरीं चालविलेल्या केंद्राचें तें नांव होतें. मध्यवर्ती सरकारनें तें पुढें स्वराज्यांत स्वीकारलें. मुंबईच्या दृष्टीनें महत्त्वाचें वर्ष म्हणजे १९३८. त्या वर्षीं मुंबई केंद्रास लघुलहरींचें प्रक्षेपणयंत्र मिळालें. तीस मैलांचें वर्तुळ तेव्हां कोठें खरोखर मोडलें.

हें वर्तुळ मोडणें म्हणजे काय, याचा थोडा शास्त्रीय उलगडा करणें अवश्य आहे. मध्यम लहरी दिवसा जमिनीच्या लगत पसरतात व कांहीं अंतरावर क्षीण होतात. त्यांचा जो भाग वर आकाशाकडे जातो तो साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवरचा एक विद्युत्-भारित थर शोषून घेतो. सूर्य मावळला कीं हा थर विरतो, आणि मग त्याच लहरी त्याहून वरच्या थरांवरून परावर्तित होऊन शेंकडों किलोमीटर दूर जमिनीवर उतरतात. म्हणून दिवसा मुकें असलेलें दूरचें केंद्र रात्रीं बोलूं लागे. पण आवाज चढे, उतरे, मध्येंच नाहींसा होई, आणि ऐन समेच्या वेळीं दुसरेंच केंद्र त्यावर येऊन बसे. लघुलहरी मात्र दिवसासुद्धां वरच्या थरांवरून परावर्तित होतात, म्हणून लांबच्या मुलुखास त्यांचा उपयोग अधिक. सिरसाळ्याच्या टापूस मुंबईचें मराठी ऐकावयाचें तर वाट हीच होती: रात्रीच्या मध्यम लहरींची लहर लागली तर ती, नाहीं तर १९३८ नंतरची लघुलहर.

त्यांतहि यंत्र चालवावयाचें कशावर? खेडोपाडीं वीज नव्हती. यंत्राच्या दिव्यांस एक आम्लाची बॅटरी लागे, आणि तिच्या जोडीला कोरड्या बॅटऱ्यांचा एक जड जुडगा. आम्लाची बॅटरी उतरली कीं जेथें इंजिन किंवा वीज असेल अशा मोठ्या गांवीं गाडींत घालून न्यावी आणि भरून परत आणावी. घरावर दोन उंच बांबू उभारून त्यांच्यामध्यें एरियलची तार ताणावी, दुसरी तार जमिनींत पुरावी, आणि उन्हाळ्यांत ती जागा कोरडी पडूं नये म्हणून तेथें तांब्याभर पाणी ओतावें, असा सगळा कुलाचार होता. अर्थात् एवढा खटाटोप करणारें घर गांवांत एखादेंच; आणि त्या घरापुढें संध्याकाळीं जमणारी मंडळी पुष्कळ, हें ओघानेंच आलें.

आतां दुसरी बाजू. सिरसाळा त्या काळीं मुंबई इलाख्यांत नव्हतें. तें निजामाच्या हैदराबाद राज्यांत होतें. औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी व उस्मानाबाद हे पांच जिल्हे म्हणजे त्या राज्यांतला मराठवाडा. राज्याच्या लोकसंख्येंत मराठी बोलणारे सुमारें चौथा हिस्सा होते. पण कचेरीची भाषा उर्दू, आणि १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें शिक्षणहि उर्दूंतून. हैदराबादेंत १९३३ सालीं खाजगी खटपटीनें दोनशें वॅटचें एक लहान केंद्र निघालें, आणि १९३५ सालीं तें निजाम सरकारनें आपल्याकडे घेतलें. ‘डेक्कन रेडिओ’ तो हाच. त्यावर उर्दूचें प्राधान्य होतें; तेलुगु, मराठी व कानडी यांना आपापला वांटा मिळे. राज्यानें पुढें औरंगाबादेसहि एक लहान केंद्र काढलें.

अशा रीतीनें सिरसाळ्याचा कान दोन आवाजांच्या मध्यें होता. जवळचें हैदराबाद राज्यकर्त्याच्या भाषेंत बोलत होतें. दूरची मुंबई घरच्या भाषेंत बोलत होती. मुंबईवरहि मराठीस मोकळें रान नव्हतें. गुजराती, हिंदुस्थानी, कानडी व इंग्रजी यांच्याशीं वेळ वांटून घ्यावा लागे. तरीहि मराठी व्याख्यान, मराठी नाटक, मराठी गाणें आणि मराठी बातमी एकाच ठिकाणाहून येते आहे, हा अनुभव सरहद्दीपलीकडच्या मराठी माणसास मुंबईनेंच दिला. जकातनाक्यावर वर्तमानपत्राचा गठ्ठा अडवितां येतो. लहर अडवितां येत नाहीं. हैदराबाद राज्यांत ज्या वेळीं सभा-संमेलनांवर निर्बंध होते, त्या वेळीं ही गोष्ट लहान नव्हती.

लहरीचें हें सामर्थ्य सरकारच्या विरुद्धहि वापरतां येतें, याचा प्रत्यय मुंबईनेंच १९४२ सालीं आणून दिला. ‘छोडो भारत’ ठरावानंतर पुढारी तुरुंगांत गेले, वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी झाली, आणि २७ ऑगस्टपासून मुंबईंत एक गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ बोलूं लागला. उषा मेहता या तरुण विद्यार्थिनीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं तो ४२.३४ मीटर या लघुलहरीवर चालविला. पोलिसांस सुगावा लागूं नये म्हणून यंत्र एका घरांतून दुसऱ्या घरांत हलवावें लागे. १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं मंडळी पकडली गेली, आणि उषाबाईंस चार वर्षांची शिक्षा झाली. तीन महिनेहि न टिकलेलें हें केंद्र सरकारी केंद्राच्या मानानें अगदींच चिमुकलें. पण देशांत खरोखर काय घडत आहे हें सांगणारा आवाज म्हणून त्याची योग्यता मोठी आहे.

आणि मग १९४८ साल. १३ सप्टेंबरास भारतीय फौजा हैदराबाद राज्यांत शिरल्या. १७ सप्टेंबर रोजीं निजामांनीं युद्धविराम जाहीर केला, तो हैदराबादच्या नभोवाणीवरून. ज्या आवाजानें मराठवाड्यास तेरा वर्षें राज्याची भाषा ऐकविली, त्याच आवाजानें त्या राज्याचा शेवट सांगितला. मराठवाड्यांत हा दिवस आज मुक्तिसंग्रामदिन म्हणून पाळला जातो. त्या संध्याकाळीं व पुढच्या दिवसांत गांवोगांव ही बातमी कोणत्या केंद्रावरून, कोणाच्या घरीं आणि कोणाकोणाच्या देखत ऐकली गेली, हा आमच्या मतें नभोवाणीच्या इतिहासांतला केंद्राच्या उद्घाटनाइतकाच मोलाचा प्रसंग आहे.

फाळणीनंतर स्वतंत्र भारताच्या वांट्यास ऑल इंडिया रेडिओचीं सहाच केंद्रें आलीं; त्यांचा आवाज देशाच्या अडीच टक्के भूमीवर व अकरा टक्के लोकांपर्यंत पोंचे. मराठीपुरतें पाहिलें तर त्यांत मुंबई हें एकच. नागपूरचें केंद्र १९४८ त निघालें, पुण्याचें २ ऑक्टोबर १९५३ रोजीं. हैदराबाद व औरंगाबाद हीं संस्थानी केंद्रें १९५० सालीं ऑल इंडिया रेडिओंत सामील झालीं. पण खेड्याच्या दृष्टीनें सर्वांत नवी गोष्ट घडली ती १९५६ सालीं. त्या वर्षीं पुणे केंद्रानें युनेस्कोच्या साहाय्यानें पुणें, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या जिल्ह्यांतल्या दीडशें खेड्यांत श्रोत्यांचीं मंडळें स्थापलीं. आठवड्यांतून दोनदां अर्ध्या तासाचा कार्यक्रम व्हावा, असे वीस कार्यक्रम. मंडळानें तो एकत्र ऐकावा, त्यावर चर्चा करावी, प्रश्न केंद्राकडे लिहून पाठवावे, आणि पुढच्या कार्यक्रमांत त्यांचीं उत्तरें मिळावीं, अशी ती योजना होती. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनें या प्रयोगाची पाहणी केली, व ऐकून चर्चा करणारीं खेडीं नुसतें ऐकणाऱ्या खेड्यांहून ज्ञानांत स्पष्टपणें पुढें गेल्याचें तींत आढळून आलें. एकोणतीस वर्षांनंतर खेड्यास कानाबरोबर तोंडहि मिळालें.

आमच्या सिरसाळ्याचें नशीब मात्र येथेंहि आडवें आलें. शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यांत हीं मंडळें भरत होतीं तेव्हां बीड जिल्हा अजून हैदराबाद राज्यांतच होता. तो मुंबई राज्यास जोडला गेला तो त्याच वर्षाच्या १ नोव्हेंबरास. पुढें दिव्यांच्या यंत्रांची जागा ट्रान्झिस्टरनें घेतली, बॅटरीच्या चार नळकांड्यांवर गाणें शेताच्या बांधापर्यंत गेलें, १९६८ सालीं परभणीस केंद्र झालें, आणि कालांतरानें बीड येथेंहि. परभणी ही सिरसाळ्याच्या शेजारचीच. म्हणजे जवळचा आवाज आणि घरची भाषा यांची एका ठिकाणीं गांठ पडण्यास मुंबईच्या उद्घाटनापासून चाळीस वर्षांहून अधिक काळ लागला. ‘स्थानिक’ नभोवाणी म्हणजे केवळ जवळच्या गांवीं उभारलेलें यंत्र नव्हे. आवाज पोंचला पाहिजे, भाषा आपली पाहिजे, घेण्याची ऐपत पाहिजे आणि उलट बोलण्याची सोय पाहिजे; या चारहि गोष्टी जमतील तेव्हांच केंद्र त्या स्थानाचें होतें.

आतां ज्या मुद्द्याकडे परत येण्याचें वचन आम्हीं वर दिलें आहे त्याकडे येतों. कर्ण्याचें यंत्र एकत्र कुटुंबांत आलें तेव्हां त्यानें घराच्या रचनेवरहि परिणाम केला. यंत्र बहुधा बैठकींत असे, आणि बटन वडील पुरुषाच्या हातीं असे. पण आवाजास उंबरठा नव्हता. माजघरांत निवडटिपण करणाऱ्या स्त्रियांस जें व्याख्यान किंवा जें गाणें एरवीं कधींच ऐकावयास मिळालें नसतें, तें हातचें काम न सोडतां मिळूं लागलें. पाहुणा न बोलावतां घरांत आला, आणि त्यानें बायकामुलांसमक्ष बोलण्यास सुरुवात केली, असाच हा प्रकार होता.

त्यांतली एक गोष्ट आपल्यासारख्या सुशिक्षित घरांनीं मोकळेपणानें कबूल केली पाहिजे. नभोवाणीवर गाणाऱ्या प्रारंभीच्या पुष्कळ स्त्रिया ज्या कुळांतून आल्या होत्या, त्या कुळांस आपल्या घरांत मान नव्हता. ज्या गायिकेस बैठकींत बोलावणें प्रतिष्ठेस शोभलें नसतें, तिचा ख्याल कर्ण्यांतून आला म्हणजे तो आपण माना डोलावून ऐकला. १९४६ सालीं हें खातें सरदार वल्लभभाई पटेल यांच्याकडे आलें, तेव्हां ज्यांचें खाजगी जीवन लोकापवादाचा विषय झालें आहे अशा गायिकांस नभोवाणीची दारें बंद करण्यांत आलीं. या निर्णयास प्रतिष्ठित घरांतून विरोध झाला नाहीं. झालें तर स्वागतच झालें. ज्यांच्या गळ्यानें पिढ्यान् पिढ्या राग सांभाळले त्यांस घालविलें, आणि राग मात्र आपण ठेवून घेतले. आवाजास उंबरठा नसतो, पण उंबरठा मनांत असतो, आणि तो यंत्रानें मोडत नाहीं, हा धडा आम्हांस या प्रकरणांतून दिसतो.

आज घरांतल्या प्रत्येकाच्या हातांत फोन आहे व प्रत्येकाच्या कानांत वेगळा आवाज आहे. क्रिस्टल सेटाच्या काळीं होतें तसें ऐकणें पुन्हां एकट्याचें झालें आहे. याबद्दल केवळ हळहळ करावी असें आम्हांस वाटत नाहीं. बटन एकट्या वडिलांच्या हातीं असणें ही कांहीं सुनांच्या व नातवंडांच्या दृष्टीनें सुखाची व्यवस्था नव्हती. आतां ज्याला जें हवें तें तो ऐकतो, हा लाभच आहे. परंतु चार पिढ्यांनीं एकाच वेळीं एकच गोष्ट ऐकून तिच्यावर वाद घालावा, हा जो एक लाभ त्या यंत्रानें दिला होता, त्याची जागा घेणारें दुसरें कांहीं आपण घरांत निर्माण केलें आहे काय, हा प्रश्न प्रत्येक घरानें आपणांस विचारावा.

शेवटीं एक निकडीची विनंती. केंद्रांचा इतिहास सरकारी दप्तरांत सुरक्षित आहे. उद्घाटनाच्या तारखा, किलोवॅट आणि परवाने कोणीहि शोधून काढील. ऐकणाऱ्यांचा इतिहास मात्र कोणत्याच दप्तरांत नाहीं. तो माणसांच्या स्मरणांत आहे. १९४८ सालीं जो दहा वर्षांचा होता तो आज नव्वदीकडे झुकला आहे किंवा ती ओलांडून गेला आहे. सिरसाळा असो, परळी असो कीं मराठवाड्यांतलें दुसरें एखादें गांव असो, ज्यांच्या घरांत असे आजोबा किंवा अशी आजी असेल त्यांनीं या महिन्यांतच त्यांच्यापाशीं वही घेऊन बसावें. गांवांत पहिलें यंत्र कोणाच्या घरीं आलें. बॅटरी भरावयास कोठें नेत. मुंबई लागे कीं हैदराबाद. उर्दू बातमी घरांत कोण समजावून सांगे. बायका कोठें बसून ऐकत. गांवांतल्या कोणास त्या ओट्यावर बसूं देत आणि कोणास दूर उभें राहून ऐकावें लागे. आणि १७ सप्टेंबरची ती बातमी प्रथम कोणीं ऐकली, हें सर्व विचारावें आणि ते सांगतील त्याच शब्दांत लिहून ठेवावें. गैरसोयीचीं उत्तरें गाळूं नयेत; तींच बहुधा सर्वांत मोलाचीं ठरतात.

मुंबईनें काय म्हटलें हें शताब्दीच्या वर्षीं सर्वत्र ऐकूं येईल. सिरसाळ्यानें काय ऐकलें हें सांगणारे फार थोडे उरले आहेत, आणि ते आपल्याच घरांत, आपण विचारण्याची वाट पाहत बसले आहेत.